उपाशी पेशी आणि फ्रिजची चावी

माझ्या हातून कुणी उपाशी जात नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही मी पोहे खाल्ल्याशिवाय सोडत नाही. नवरा म्हणतो, एक दिवस तू मालगाडी थांबवून गार्डाला ताट वाढशील. आणि अशा बाईवर सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम येऊन पडलं ते कुणालातरी उपाशी ठेवायचं! उपाशी ठेवायचं होतं कोंबडीच्या पिल्लाच्या मांडीतल्या पेशींना. त्यांचं खाणं ज्या फ्रिजमध्ये होतं त्याला कुलूप लावून चावी माझ्या हातात दिली होती. ती चावी मी कशी सांभाळली, म्हणजे कशी सांभाळली नाही, ते आठवलं की मला अजून भांडी धुता धुता हसू फुटतं.

मी मूळची गोंदियाकडची. तलावांचा आणि धानाचा मुलूख. शाळा आठवीनंतर सुटली. पुढची शाळा पलीकडच्या गावात होती, वाटेत नाला होता, आणि मला पाण्याची, कुत्र्यांची, उशीर होण्याची, सगळ्याचीच धास्ती. घरच्यांनी फार आग्रह केला नाही, मीही केला नाही. पुढं नवऱ्याला रेल्वेत ट्रॅकमनची नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली होटगी जंक्शनला. महाराष्ट्राच्या एका टोकावरून पार दुसऱ्या टोकाला. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मी फक्त पिशव्या चाचपत होते. क्वार्टर मिळालं, शेजार मिळाला, आणि शेजारच्या काकूंच्या ओळखीनं हे कॉलेजातलं काम मिळालं. काचेची भांडी धुवायची, मोठ्या कुकरसारख्या यंत्रात ती वाफवायची, प्रयोगासाठी आलेली अंडी स्पिरिटनं पुसायची. काम एका प्रकल्पातलं. प्रकल्प आहे तोवर मी आहे. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते एक दिवसही विसरले नाही.

प्रयोगशाळेत माणसं दोनच. एक सर, प्रकल्पाचे प्रमुख. बोलताना खिशातला पेन काढतात, उघडतात, काही न लिहिता बंद करतात. दुसरी ताई, पीएचडी करणारी. अक्कलकोटची. माझ्यापेक्षा बरीच लहान, पण मी तिला ताई म्हणते आणि ती मला वहिनी. घरात कन्नड, बाहेर मराठी, घाबरली की दोन्ही एकदम. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून महागाची काचेची नळी फुटली तेव्हा मी तिथंच पिशवी उचलून घरी जायला निघाले होते. ताईनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "वहिनी, हितं नळी न फोडलेला माणूस अजून जन्माला यायचाय. सरांनी तर मायक्रोस्कोप पाडलाय." मग तिनं मला त्याच मायक्रोस्कोपमधून पहिल्यांदा पेशी दाखवल्या. आठवी पास बाईला कुणी असं स्टुलावर बसवून, "दिसतंय का? नीट बघा, घाई न्हाय," असं म्हणत नाही. तिचे हे उपकार मी कधी फेडणार, मला माहीत नाही.

ताईचं सगळं काम एका प्रश्नावर होतं. अंड्यातल्या पिल्लाच्या मांडीतून काढलेल्या पेशी आधी सुट्या सुट्या असतात. चवळीच्या शेंगेसारख्या लांबट, आपापल्या फिरणाऱ्या. मग एक दिवस त्या एकमेकींच्या शेजारी रांगेत लागतात, मधल्या भिंती विरघळतात आणि सगळ्या मिळून एक लांब धागा होतो. तोच स्नायूचा तंतू. सर म्हणायचे, "सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तो उंच, जड नंदीध्वज पेलणारा गडी बघितलाय का, बाई? त्याच्या दंडात एकटी राहणारी पेशी शोधायची म्हटलं तर घाम फुटेल. सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या." ताईचा प्रश्न हा, की "आता मिसळा" हे त्यांना आतून सांगतं कोण?

मला तिनं हे नव्या पेठेतून आणलेल्या टिकल्यांच्या पाकिटावर समजावलं. पाकीट माझंच, पर्समधलं.

"पेशीला बाहेरून निरोप येतो," ती म्हणाली. "पण निरोप आत शिरत न्हाय. दारातच थांबतो."

"पोस्टमनसारखा."

"तसंच समजा. आत एन्झाइमं रांगेत उभी असतात. पहिलं दुसऱ्याला टिकली लावतं." तिनं एक टिकली काढून टेबलावरच्या बाटलीला लावली. "टिकली लागली की दुसरं जागं होतं. ते तिसऱ्याला लावतं. तिसरं चौथ्याला." बाटलीवर, झाकणावर, माझ्या मनगटावर टिकल्या लागत गेल्या.

"अगं, हे हळदीकुंकूच की!"

"व्हय की! खरी टिकली फॉस्फेटची असती. आणि रांगेतलं जे शेवटाकडचं एन्झाइम आहे ना, आपलं काम त्याच्यावर. त्याला नाव न्हाय, नंबर आहे. पी अडतीस. ते थेट पेशीच्या मधल्या खोलीत जातं, तितं स्नायू कसा करायचा याची कपाटं बंद असतात. ज्यांच्या हातात त्या कपाटांच्या किल्ल्या, त्यांना हे टिकली लावतं. मग कपाटं उघडतात."

"आणि टिकली पडली तर?"

"काढणारी एन्झाइमंपण असतात. लावलेली टिकली उपटून नेतात."

"म्हणजे नणंदा."

ताई इतकी हसली की तिच्या हातातलं पाकीट सांडलं आणि पुढचा महिनाभर सरांच्या बुटाला, फ्रिजच्या पायाला, कुठं कुठं टिकल्या सापडत राहिल्या.

प्रयोग असा. दोन बशा. दोन्हींत तशाच पेशी. एका बशीत काही नाही, ती मोकळी. दुसऱ्या बशीत रोज दुपारी एक औषध घालायचं, ते पी अडतीसचा हात धरून ठेवतं, टिकली लावू देत नाही. ती बांधलेली. मोकळीत स्नायू झाला आणि बांधलेलीत नाही झाला, तर सिद्ध झालं की काम पी अडतीसच करतं. ऐकायला सोपं. पण महिनोन् महिने मोकळ्या बशीतही स्नायू होत नव्हता. पेशी नुसत्या वाढायच्या, फुटून दोनाच्या चार व्हायच्या, आणि सुट्याच राहायच्या.

कारण आम्हा दोघींनाच माहीत होतं. पेशींना सीरम लागतं, जनावराच्या रक्तातून काढलेलं पिवळसर पाणी. तेच त्यांचं जेवण. जोवर जेवण भरपूर, तोवर त्या खात राहतात आणि वाढत राहतात, बाकी काही करत नाहीत. बशी गच्च भरली की सीरम एकदम कमी करायचं. मग आत ती टिकल्यांची रांग सुरू होते, आणि पोटाला कमी पडलेल्या पेशी एकमेकींना धरतात. पण कमी केलं की पहिले दोन दिवस बऱ्याच पेशी मरतात, सुटून वर तरंगतात. ताईला ते बघवायचं नाही. सर पाठमोरे झाले की ती हळूच म्हणायची, "एवढंसंच देते, वहिनी," आणि पिपेटीनं दोन थेंब टाकायची. मी काय अडवणार? मी तर मनातल्या मनात म्हणायचे, तीन टाक.

एका सकाळी सरांनी मागून पाहिलं. पेन काढला, उघडला, बंद केला.

"तू प्रयोग करतेस की जावयाला जेवायला वाढतेस?"

"सर, मरायल्यात की त्या."

"काही मरणारच. उरतील त्यातूनच स्नायू होतो." मग ते स्टुलावर बसले आणि आवाज खाली आला. "हे बघ. ही शेवटची खेप. मोकळ्या बशीत या वेळी स्नायू दिसला नाही तर मला विषय बंद करावा लागेल. वरून तसं कळवलंय. तुझी तीन वर्षं आणि या बाईंचं काम, दोन्ही तिथंच थांबतं."

मी हातातला चिमटा तीनदा पुसला.

त्याच दुपारी सरांनी फ्रिजला कडी बसवून घेतली, बाजारातून कुलूप आणलं आणि चावी माझ्या पुढं धरली. "बाई, तुम्ही गॅसची टाकी दहादा तपासता, दार पंधरादा ओढून बघता. तुमच्यापेक्षा काळजीवाहू माणूस मला मिळणार नाही. हिला चावी द्यायची नाही. रडली तरी."

मला कुणी विचारलंच नाही की बाई, तुमचं स्वतःचं काय!

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं तर पेशी विरळ झालेल्या, वर कचऱ्यासारख्या मेलेल्या तरंगतायत. ताई माझ्या मागं मागं. मी भांडी धुतेय, ती शेजारी उभी. मी अंडी पुसतेय, ती शेजारी उभी.

"वहिनी, एक थेंब."

"न्हाय," मी म्हणाले. तिच्याच भाषेत, म्हणजे तिला नीट लागावं.

"अर्धा थेंब. थेंबाचा वास."

"ताई, सरांना शब्द दिलाय."

"तुमचं काळीज दगडाचं हाय."

माझं काळीज! ती जेवायला गेली तेव्हा मी स्वतः जाऊन चावी कुलपात घातली होती आणि अर्धी फिरवली होती. दाराबाहेर कुणाच्या चपलांचा आवाज आला म्हणून थांबले. घरी येताना शटल रिक्षात मी चावी मुठीत धरून बसले होते. रात्री आईचा फोन. तिकडून नेहमीचं, "काय वो बाई, जेवली काय?" आणि लगेच, "आन् त्या तुया पेशी जेवल्या काय?"

"नाही गं. त्यांना उपाशी ठेवलंय."

"कायले वो? काय केलं त्याइनं?"

मी टिकल्यांपासून सगळं सांगायला गेले. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मले त काई समजलं नाई. पन तुया हातानं कोनी उपाशी राहिलं, हे गावात सांगू नोको."

म्हणून सकाळी मी एक शहाणपणा केला. नवरा ड्यूटीवर निघाला तेव्हा त्याच्या नारिंगी जॅकेटच्या खिशात चावी टाकली आणि वर चेन लावली. "आज ही तुमच्याकडं. संध्याकाळपर्यंत मागितली तरी देऊ नका." तो म्हणाला, "कोनाले?" मी म्हणाले, "मला." त्यानं माझ्याकडं पाहिलं, ट्रॅकमन लोक रुळाला तडा आहे का बघतात तसं, आणि गेला.

कॉलेजात पोचले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की मी ताईला आल्याबरोबर सांगून टाकलं. तिनंही सुटकेचा श्वास टाकला. "बरं झालं बघा. आता मागायचंच न्हाय कुणाला." सर सकाळीच मीटिंगला गेले होते. आम्ही दोघींनी मजेत चहा केला, तिनं घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. खाताना पेशींच्या बशा ठेवलेल्या उबदार कपाटाकडं, म्हणजे इन्क्युबेटरकडं, पाठ करून बसलो, बरं दिसत नव्हतं म्हणून.

दुपार झाली. बांधलेल्या बशीच्या औषधाची वेळ. सरांनी दोन दिवसांपुरतं औषध आधीच काढून बर्फाच्या डब्यात ठेवलं होतं. ताईनं डबा उघडला, नळी उजेडात धरली.

"वहिनी. संपलंय."

"मग बाटलीतून घ्या."

"बाटली..." ती फ्रिजकडं वळली. मीही वळले. औषधाची बाटली वरच्या बर्फाच्या कप्प्यात. कप्पा फ्रिजमध्ये. फ्रिजला कुलूप. चावी होटगीला, रुळावर, नारिंगी जॅकेटात.

उपाशी ठेवण्याच्या नादात आम्ही तिघांनी औषधही कुलूपबंद करून टाकलं होतं, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"वेळेत नाही दिलं तर?"

"आधीचं औषध उतरतंय आता. पी अडतीस सुटंल. बांधलेल्या बशीतपण स्नायू धरायला लागंल. मग मोकळी कोणती आणि बांधलेली कोणती, फरक काय दाखवू मी?" आणि मग घाबरून जी कन्नडमध्ये सुरू झाली, त्यातलं मला फक्त "अय्यो" कळलं.

नेमके त्याच वेळी दारात चाचा. हे आम्हाला पोल्ट्रीतून अंडी आणून देतात, तीनचाकी मालवाहू रिक्षातून. दोन्ही हातांत ट्रे.

"क्या हुआ भाभी? किसीका इंतकाल हुआ क्या?"

आम्ही सांगितलं. त्यांनी ट्रे खाली ठेवले आणि कुलूप हातात घेऊन तोललं. "पत्थर मारके तोडूं?"

"नको चाचा!" ताई ओरडली. "शेजारी इन्क्युबेटर हाय. धक्का बसंल माझ्या बशांना."

मी नवऱ्याला फोन लावला. मागं लोखंडावर हातोड्याचा खणखणाट. "मी आता कसा येऊ वो? गँग कामावर हाये. तूच ये फाटकाजवळ."

चाचा दाराकडं वळले. "चलो. बैठो. होटगी क्या दूर है?"

मी आयुष्यात एवढ्या जोरात कधी गेले नव्हते. पुढं चाचांच्या शेजारी अर्ध्या सीटवर मी, मागं रिकाम्या ट्रेंचा ढीग. प्रत्येक खड्ड्याला ट्रे उडायचे आणि चाचा मागं न बघता ओरडायचे, "पकडो भाभी, पकडो!" मी एक हात मागं घालून ट्रे धरलेले, दुसऱ्या हातानं पदर, आणि तोंडानं जे जे देव आठवतील ते. मधेच चाचांनी विचारलं, "एक बात बोलो. अंडे में से अल्लामियां खुद बच्चा बनाता, टांगां बनाता, सब बनाता. तुम लोगां उसमें से निकालके फिर वोच बनानेकू कायको बैठे?"

"कसं बनवतो ते बघायला, चाचा."

त्यांनी थोडा विचार केला. "हौ. देखना तो मांगता," म्हणाले आणि गिअर बदलला.

फाटकाजवळ पोचलो आणि फाटक पडलं. रुळाच्या पलीकडं नवरा. नारिंगी जॅकेट, हातात चावी उंच धरलेली. आणि मध्ये कोळशाची मालगाडी. ती मालगाडी संपेचना. वाघिणीमागून वाघीण. दोन वाघिणींच्या फटीतून नवरा दिसायचा, चावी दिसायची, परत कोळसा. परत नवरा, परत चावी, परत कोळसा. मी ओरडतेय, "खाली धरा, पडेल!" तो ओरडतोय, "काय?" चाचा हॉर्न वाजवतायत, जसं काही गाडी त्यानं बाजूला होणार आहे. मला एकदम हसायला यायला लागलं. काळजीनं जीव जात होता, ताई तिकडं घड्याळ बघत बसली असणार, आणि मी होटगीच्या फाटकावर पोट धरून हसतेय. माझं बघून चाचाही. शेवटचा डबा गेला, गार्डानं आम्हा दोघांकडं बघून हिरवी झेंडी जरा आत घेतली.

गँगचे मुकादम नवऱ्याबरोबर आले होते. "वहिनी, कशाची चावी हाय वो एवढी? तिजोरीची?"

"कोंबडीच्या मांडीची," मी म्हणाले, नवऱ्याच्या हातातून चावी ओढली आणि रिक्षात उडी मारली. मागून मुकादमांचा आवाज आला, "तुझी मंडळी लई भारी हाय की रं!"

परत पोचलो तेव्हा ताई दारातच उभी, हातमोजे घालून, दोन्ही हात वर धरलेले, जशी ऑपरेशनला निघालीय. मी कुलूप उघडलं. माझा हात खालच्या कप्प्याकडं, सीरमकडं गेला नाही. मी शपथेवर सांगते, गेला नाही. वरून औषध काढलं, कुलूप लावलं, चावी पदराच्या टोकाला बांधली. ताईनं बांधलेल्या बशीत औषध घातलं. वेळ टळायच्या आत. मग आम्ही तिघंही, चाचा धरून, भिंतीला टेकून धापा टाकत उभे राहिलो.

"आता मोकळी बघून घेते," ताई म्हणाली. "मेल्या तर मेल्या." तिनं बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली, डोळा लावला, आणि चिडली. "वहिनी, टेबलाला टेकू नका ना."

"मी कुठं टेकलेय?"

"चाचा, तुमी?"

"मैं तो इधर खडा है बाबा."

"मग टेबल हलतंय कशानं? सगळं थरथरतंय. माझेच हात कापायल्यात वाटतं." तिनं हात मागं घेतले. डोळा लावला. "अजून हलतंय!"

मी पंखा बंद केला. अजून हलतंय. चाचांनी एसी बंद केला, मायक्रोस्कोपचं बटण दाबायला निघाले होते ते मी अडवलं. अजून हलतंय. तेवढ्यात सर आले. "काय चाललंय? पंखा, एसी का बंद केलाय?" ताई म्हणाली, "सर, टेबल हलतंय." सरांनी टेबलावर तळहात ठेवला. मग शेजारच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांचं बाटल्या हलवायचं यंत्र बंद करवलं. मला म्हणाले, "बाई, खाली कँटीनमध्ये मिक्सर चालू असेल, बंद करायला सांगा." मी दोन मजले धावत गेले, मिक्सर बंद होता, तरी मी त्याचा प्लगसुद्धा काढायला लावला. वर आले.

सरांनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ. खिशात हात गेला, पेन निघाला, तो उघडलाच नाही.

"टेबल हलत असतं तर सगळी बशी हलली असती," ते अगदी हळू म्हणाले. "इथं बाकी सगळं स्थिर आहे. फक्त धागे हलतायत."

"धागे?" ताई म्हणाली.

"धागे, बाळ. लांबलचक. आणि स्वतःचे स्वतः उडतायत."

पुढचं मला क्रमानं सांगता येत नाही. ताईनं "नोडरी! नोडरी!" म्हणजे बघा, बघा, असं कन्नडमधून ओरडून मला स्टुलावर ढकललं. मी पाहिलं. जिथं कालपरवा कचरा तरंगत होता, तिथं खाली लांब लांब पट्टे पसरलेले. एकेका पट्ट्यात मोत्यांच्या सरीसारखी केंद्रकं ओळीनं. आणि त्यातला एक पट्टा टक्कन आखडला. सैल झाला. परत आखडला. डोळ्याची पापणी लवते ना, तसा. कुणी सांगितलं नाही, कुणी धक्का दिला नाही. मला वाटलं ओरडावं, पण मी म्हणाले काय, तर "भूक लागली असेल हो त्याला." सर खो खो हसले. सरांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग बांधलेली बशी. सरांनी डोळा लावला. "शांत. सुट्याच्या सुट्या." ताईनं पाहिलं. सुट्याच. मोकळीत स्नायू, बांधलेलीत नाही. फरक समोर होता. विषय बंद होणार नव्हता. ताई रडत होती की हसत होती, कुणालाच विचारायची गरज वाटली नाही. चाचांनी मोकळ्या बशीत पाहिलं आणि दचकून मागं सरले. "अरे ये तो फडक रा है! ये कायकू छुपाके रखे थे?" ताईनं माझ्या पर्समधून टिकल्यांचं पाकीट ओढलं. इन्क्युबेटरला एक, मायक्रोस्कोपला एक, मला एक, चाचांच्या रिकाम्या ट्रेला एक. सरांच्या कोटाच्या कॉलरला कधी लावली ते त्यांना कळलंच नाही. तशाच टिकलीसकट ते बातमी सांगायला प्राचार्यांकडं गेले, आणि परत आले तेव्हाही ती तिथंच होती. म्हणजे प्राचार्यही काही बोलले नसावेत.

संध्याकाळी सगळं आवरताना मी बांधलेल्या बशीपाशी उभी होते. शेजारची फडकतेय आणि ही गप्प. दोघी एकाच अंड्यातल्या. माझ्या जिवाला ते लागलं.

"सर, हिचं काय करायचं आता?"

"फोटो काढले, मोजमाप झालं. काम झालं तिचं."

"टाकून द्यायची?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग ताईकडं. "औषध धुवून टाकलं तर काय होतं, ते बघायला हवंच होतं खरं म्हणजे. हात सोडल्यावर पी अडतीस परत कामाला लागतं का. हिनं धुवावी, तुम्ही लक्ष ठेवा. पण खायला द्यायचं नाही. ऐकलं का? दोघींनी."

चावी मी पदराला बांधलेलीच होती. आईला फोनवर सांगितलं, की एक बशी नाचतेय आणि दुसरी रुसलीय. आई म्हणाली, "रुसलेलीले जास्त जीव लावजो." मी म्हटलं, तेच तर करायची बंदी आहे.

त्यानंतरच्या दिवसांत मी रोज आल्या आल्या, पिशवी खाली ठेवायच्याही आधी, त्या बशीत डोकावायचे. आधी काहीच नाही. मग पेशी एका दिशेनं तोंडं करून बसलेल्या दिसल्या, जशा पंगतीला बायका बसतात. मग मधल्या भिंती पुसट. मग धागे, पण निपचित. मी त्यांना आतल्या आत म्हणायचे, लागली का टिकली? लाव की गं पुढच्या बाईला. थांबू नको.

आणि एका सकाळी, ताई अजून यायची होती, सर जिन्यात कुणाशी तरी बोलत होते, मी डोळा लावला आणि एका कडेला, अगदी बारीक, एक धागा उडाला. मी टेबलापासून दोन पावलं मागं सरले. पंखा बंद केला. एसी बंद केला. शेजारी जाऊन त्यांचं यंत्र बंद करायला सांगितलं, ते म्हणाले, "परत?" परत येऊन डोळा लावला.

उडत होता.

मी जिन्याकडं धावले. "सर! सर, कँटीनचा मिक्सर बघून या!"